ब्रेकबाईंचं लायसन्स

आमच्या थोरल्या जाऊबाई गाडी चालवायला शिकवतात. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी स्टिअरिंग पहिल्यांदा हातात धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो त्या इतक्या सढळ पायानं दाबतात की शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव ब्रेकबाई पाडलं. आपल्याला हे ठाऊक नाही असं त्या दाखवतात, पण एकदा फोनवर कुणाला तरी पत्ता सांगताना, "ब्रेकबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवेल," असं म्हणताना मी त्यांना ऐकलंय.

मी त्यांना ताई म्हणते. मीही त्यांच्याकडेच शिकले. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. "आरसा बघ" हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे कित्येक महिने मी स्वयंपाकघरात वळतानाही आधी मागे बघायचे. रस्ता मोकळा असो, चिटपाखरू नसो, लाल दिवा म्हणजे थांबायचं. आमच्या भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, एकदा सीटचा पट्टा लावायला कुरकुर केली, तर ताईंनी गाडी बाजूला घेतली आणि पट्टा लागेपर्यंत रस्त्याकडे बघत गप्प बसून राहिल्या. सगळी हयात रस्त्यावर गेली, पण त्यांच्या नावावर एक साधी तक्रार नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं अशा बाईच्या वाट्याला आलं.

झालं असं की ताई आणि भाऊजी जुनं घर सोडून आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. त्याच सुमारास ताईंनी शिकवण्यासाठी नवी गाडी घेतली आणि जुनी एका लॉन्ड्रीवाल्याला विकली. घर बदललं तरी वाहन खात्याला कळवावं लागतं, गाडी विकली तरी कळवावं लागतं. ताईंनी दोन्ही अर्ज भरले आणि स्वतः कार्यालयात घेऊन गेल्या. तिथे खिडकीवर पाटी होती: अर्ज समक्ष स्वीकारले जाणार नाहीत, टपालाने पाठवावेत. खिडकीतल्या कारकुनानं कागदांकडे बघितलंही नाही. एका बोटानं ते काचेखालून परत बाहेर सरकवले.

मग ताईंनी दोन्ही अर्ज एका लिफाफ्यात घातले, पत्ता लिहिला, तिकिटं लावली आणि लिफाफा भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या वाटेवरच पोस्टाची पेटी लागते. त्यांनी जाता जाता लिफाफा टाकला. विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

त्यानंतर बरेच महिने गेले. एके दिवशी सकाळी ताई एका नर्सबाईंना घेऊन परीक्षेच्या मैदानावर गेल्या. या नर्सबाईंना गावोगाव फिरून रुग्ण बघायची नोकरी मिळाली होती, फक्त त्यासाठी लायसन्स लागणार होतं. बिचाऱ्या ड्युटी संपवून, डोळे चोळत शिकायला यायच्या. ताईंनी त्यांच्यावर फार मेहनत घेतली होती आणि आता त्या तयार होत्या. परीक्षकानं आधी शिकवणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरवर तपासलं, भुवया वर केल्या, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचं लायसन्स निलंबित आहे. निलंबित लायसन्सवर तुम्ही लोकांना शिकवताय?"

ताईंना वाटलं, नाव सारखं असेल, दुसरीच कुणी असेल. परीक्षकानं पडदा त्यांच्याकडे वळवला. फोटो त्यांचाच होता.

नर्सबाईंची परीक्षा जागच्या जागी रद्द झाली. बाकीचे शिक्षक, रांगेतली मुलं, त्यांचे आईबाप, सगळे बघत होते. ज्या मैदानावर ताई शिरल्या की लोक आपोआप पट्टे नीट करायचे, तिथे त्या एका कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला फोन केला. "येऊन गाडी घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. मी रिक्षा करून गेले. परत येताना मी चालवत होते आणि त्या शेजारी बसल्या होत्या. एका वळणावर त्यांनी सवयीनं त्यांचा ब्रेक दाबला. लगेच पाय असा झटकन मागे घेतला, जणू चटकाच बसला. मग घरापर्यंत पाय अंगाशी ओढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कार्यालयात गेलो. टोकन घेऊन, बाकावर बसून, पुन्हा त्याच खिडकीशी. कारकून तोच. त्यानं जे सांगितलं ते असं: जुनी गाडी वेगाची मर्यादा ओलांडताना कॅमेऱ्यात सापडली होती. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, असं विचारणारी नोटीस खात्यानं मालकाला, म्हणजे ताईंना, पाठवली. उत्तर आलं नाही. मग स्मरणपत्र पाठवलं. त्याचंही उत्तर नाही. म्हणून दंड, आणि लायसन्स निलंबित. दोन्ही नोटिसा अर्थात जुन्या घराच्या पत्त्यावर गेल्या होत्या.

ताईंनी फोटो बघायला मागितला. गाडी जुनीच होती. चालवणाऱ्याला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या.

"या मिशा माझ्या आहेत का?" ताईंनी विचारलं.

कारकून हसला नाही. म्हणाला, दंड वेगाचा नाहीच. चालवणारा कोण हे तुम्ही कळवलं नाही, त्याचा आहे.

"मला विचारलंत कधी?"

"दोन पत्रं पाठवली आहेत."

"मला एकही मिळालं नाही."

"पाठवलं म्हणजे मिळालं, असंच धरतात. नियम आहे."

"मग मीही पाठवलं होतं. गाडी विकली तेही आणि घर बदललं तेही. एकाच लिफाफ्यात."

"ते आमच्याकडे आलेलं नाही."

"पाठवलं म्हणजे मिळालं ना?"

"तुमच्याकडे पोचपावती असेल तर दाखवा."

ताईंनी खिडकीवरच्या पाटीकडे बोट केलं. मी स्वतः घेऊन आले होते, याच खिडकीवर, तुम्हीच परत केलेत, तुम्हीच पोस्टानं पाठवायला सांगितलंत, असं त्यांनी सांगितलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "पोस्टानं पाठवा म्हटलंय. साध्या पोस्टानं पाठवा असं कुठे म्हटलंय?"

ताईंचा आवाज चढला. माझ्या आयुष्यात मी तो इतका चढलेला ऐकला नव्हता; भर चौकात गाडी बंद पाडणाऱ्यांशीसुद्धा त्या हळूच बोलतात. पहारेकरी येऊन आमच्या मागे उभा राहिला. मी त्यांच्या कोपराला धरलं आणि बाहेर आणलं. माझ्याकडे न बघता त्या भराभर पायऱ्या उतरल्या. रडतील असं मला वाटलं, पण तो नुसता संताप होता.

त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे चूक कबूल करायची, दंड भरायचा आणि सुरक्षित वाहन चालवण्याच्या वर्गाला बसायचं. मग काही आठवड्यांत लायसन्स परत. दुसरा म्हणजे सुनावणी मागायची. ती होईल तेव्हा होईल, आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही, शिकवायचंही नाही. आमच्या ह्यांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. ब्रेकबाईंनी गाडी शिकायच्या वर्गाला बसायचं!

तरीही भाऊजी म्हणाले, भरून टाक आणि मोकळी हो, धंदा बुडेल. मलाही मनातून तेच वाटत होतं. ताई म्हणाल्या, "भरलं की मी केलं असं लिहिलं जाईल. मी केलेलं नाही." त्यांनी त्याच दिवशी सुनावणीचा अर्ज केला, तो पोचपावतीसकट.

त्या रात्री जेवताना त्यांनी भाऊजींना विचारलं, "अहो, तुम्ही तो लिफाफा खरंच टाकला होता ना?"

भाऊजी विसराळू आहेत हे सगळ्या घराला माहीत आहे. छत्र्या तर त्यांनी किती हरवल्या याची गणतीच नाही. एकदा गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला चष्मा नाकावर घालून घरी आले होते आणि संध्याकाळभर, आज सगळं पुसट दिसतंय म्हणून काळजी करत बसले होते. त्यामुळे प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. पण भाऊजींनी घास ताटात ठेवला. "टाकला," म्हणाले, आणि उठून गेले.

मग दोघांचं बोलणं बंद झालं. मी वरती गेले की ताई म्हणायच्या, "त्यांना सांग, दूध झाकून ठेवलंय." भाऊजी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे. ते मला म्हणायचे, "तिला सांग, ऐकलं."

ताई लॉन्ड्रीवाल्याला जाऊन भेटल्या. मी सोबत होतेच. वाफेनं भरलेल्या त्या दुकानात तो चादरींच्या घड्या घालत होता. फोटो बघितल्याबरोबर त्यानं मिशा ओळखल्या. त्याचा भाचा. हॉटेलांचे कपडे पोचवायला गाडी तोच नेतो. आपल्या बाजूनं काही कळवायचं असतं हेच लॉन्ड्रीवाल्याला ठाऊक नव्हतं; विकणाऱ्यानं कळवलं की झालं, असं तो समजत होता. आधी त्यानं चुळबुळ केली, भाच्याचं लायसन्स जाईल, तो गेला तर कपडे कोण पोचवणार, असं पुटपुटला. ताईंनी त्याला चांगलं सुनावलं. माझी गाडी, मी जपून वापरलेली गाडी, आणि तुम्ही ती अशी पळवता? उद्या कुणी पोर मधे आलं तर? हे ऐकून तो इतका ओशाळला की हातातली चादर पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत बसला. शेवटी म्हणाला, "बाई, मी येतो. जिथे सांगायचं असेल तिथे सांगतो."

सुनावणीची तारीख यायला ऋतू बदलला. तोवर नवी गाडी खाली कापड घालून उभी होती. ताई रोज सकाळी कापड काढून ती पुसायच्या, पुन्हा झाकायच्या. शिकणारे एकेक करून दुसऱ्या ड्रायव्हिंगच्या शाळेत गेले. त्यांचा तरी काय दोष? ताई स्वतःच त्यांना तिकडचा फोन नंबर देत होत्या. कुठे जायचं तर बसनं जायच्या आणि घरी येऊन, तो ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या किती जवळ जातो हे मला ऐकवायच्या. नर्सबाईंना परीक्षेची नवी तारीख फार उशिराची मिळाली. ती नोकरी वाट बघत थांबली नाही, दुसऱ्या कुणाला गेली. हे कळलं तेव्हा ताई गाडी पुसत होत्या; त्यांनी फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाल्या, "माझं सोड. तिनं काय केलं होतं?"

सुनावणीची खोली दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीसारखी होती: भिंतीला लावलेल्या खुर्च्या, एक पंखा, पाण्याचा जग. दंडाधिकारी एक वयस्कर बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या सारख्या नाक पुसत होत्या. खात्यातर्फे एक तरुण वकील आला होता. आम्ही चौघं: ताई, भाऊजी, मी आणि कामाच्या कपड्यांतच आलेला लॉन्ड्रीवाला.

लॉन्ड्रीवाल्यानं शपथ घेऊन गाडी आपण केव्हाच घेतली आणि चालवणारा आपला भाचा होता, असं सांगितलं. वकील म्हणाला, त्याबद्दल आमचं काही म्हणणंच नाही. प्रश्न फक्त खात्याला कळवलं की नाही एवढाच आहे. मग भाऊजींना उभं केलं. त्यांनी सांगितलं की लिफाफा जाड होता, पेटीच्या फटीत अडकला, म्हणून त्यांनी दुकानाच्या किल्लीनं ढकलून तो आत घातला.

वकील अगदी गोड आवाजात म्हणाला, "बऱ्याच महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. लिफाफा दुकानातच कुठे राहिला असेल, असं नाही का होऊ शकत?"

भाऊजींचा चेहरा उतरला. ते वकिलाकडे न बघता ताईंकडे बघायला लागले. ताई उठून उभ्या राहिल्या.

"हाच प्रश्न मीही त्यांना घरी विचारला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून आमच्यात धड बोलणं नाही. हा माणूस छत्र्या हरवतो, किल्ल्या हरवतो. पण न केलेलं काम केलं म्हणून त्यानं मला कधी सांगितलेलं नाही. हे मला माहीत असताना तुमच्या खात्यापायी मी त्याच्यावर संशय घेतला. तुमच्या दंडापेक्षा मला याचा जास्त राग आहे."

दंडाधिकारीबाईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. आवाजात कठोरपणा नव्हता. तुमची वेळ आली की बोला, म्हणाल्या. ती वेळ आली तेव्हा ताईंनी फार काही सांगितलं नाही.

"कागद घेऊन मी स्वतः गेले होते, त्यांनी घेतला नाही. पोस्टानं पाठवा म्हणाले, पाठवला. तो त्यांना मिळाला नाही, तर ती माझी चूक. त्यांची पत्रं मला मिळाली नाहीत, तर तीही माझीच चूक. पोस्ट एकच, पेट्या त्याच. त्यांचं पत्र निघालं की पोचलं, आणि माझं निघालं तरी निघालंच नाही, हे कसं? एकतर दोघांची पोचली म्हणा, नाहीतर दोघांची हरवली म्हणा. माझी काहीच हरकत नाही."

 दंडाधिकारीबाईंनी रुमाल बाजूला ठेवला आणि वकिलाला विचारलं की तुमच्या नोटिसा पोचल्याचा काही पुरावा आहे का. रवानगीची नोंद आहे, तो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, पोचल्याची? तो कागद चाळत राहिला, आणि नाही म्हणाला.

दंड रद्द झाला. निलंबनही त्याच दिवसापासून उठलं. लॉन्ड्रीवाल्यानं हात जोडले आणि दुकान उघडं टाकून आलोय म्हणत पळाला. ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"माझी चूक नव्हती असं त्यात लिहाल का?" त्यांनी विचारलं.

"दंड रद्द केला म्हणजे त्याचा अर्थ तोच होतो."

"अर्थ होतो. पण लिहिलेलं नाही."

दंडाधिकारीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला एवढंच लिहिता येतं," म्हणाल्या. त्यांनाही ते फारसं आवडलं नसावं असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर भाऊजी पुढे पुढे चालायला लागले. ताईंनी भराभर चालून त्यांना गाठलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दामच मागे राहिले होते. भाऊजींनी मान हलवली. थोड्या वेळानं बघते तर ताईंची पिशवी त्यांच्या हातात होती. घरी पोचल्यावर पिशवी होती, पण ताईंची छत्री सुनावणीच्या खोलीतच राहिल्याचं लक्षात आलं. ताई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

शाळा पुन्हा सुरू झाली. जुने शिकणारे परत येण्याचा प्रश्नच नव्हता. ते दुसरीकडे शिकून पासही झाले होते. नवे हळूहळू आले. पण परीक्षेच्या मैदानावर ताई गेल्या की अजून कुणीतरी कुणाच्या कानाला लागतं. निलंबित झालं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. निलंबन उठलं हे कुणी मोठ्यानं सांगितलेलं नाही. नर्सबाई पुढे पास झाल्या, पेढे घेऊन यावेत तशा हौसेनं ताईंना भेटायलाही आल्या. मात्र नोकरी त्याच जुन्या वॉर्डात, त्याच पाळ्या. ताईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि विषय दुसरीकडे नेला.

मग ताईंनी खात्याला पत्र लिहिलं. पैसे नकोत, भरपाई नको. तुमचं चुकलं असं लिहून द्या आणि ते परीक्षेच्या मैदानावर लावा, एवढीच मागणी. उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. ताईंनी दुसरं लिहिलं. त्यालाही तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही. आमचे हे म्हणाले, वहिनी, जिंकलात, आता सोडा. खिडकीवरचा कारकूनही, ताई एकदा काही कामानिमित्त गेल्या तेव्हा, म्हणाला होता म्हणे, झालं ना तुमचं काम, मग आता काय राहिलं?

हा प्रश्न ताईंच्या चांगलाच जिव्हारी लागला. मला त्या गाडीत म्हणाल्या, "दंड मागे घेतला. भर मैदानात जे बोलले ते कुणी मागे घेतलं?" शेजारी एक घाबरलेला नवा शिकाऊ क्लचशी झटत होता आणि मी मागे बसले होते. त्यांनी त्याला आरसा बघायला सांगितलं.

तिसरं पत्र मागच्या आठवड्यात लिहून झालं. या वेळी भाऊजी म्हणाले, मी टाकतो. ताईंनी काही न विचारता ते त्यांच्या हातात दिलं.